चिनी वैद्यकांतील तारुण्यपिटिकांचे लेप

(१) विषय व साधनें

राजकारणाचीं पत्रें, सनदा, महजर व शकावल्या यांजकडे आपल्या संशोधकांचें लक्ष जितकें वेधलें, तितकें वैद्यकाच्या बाडांकडे वेधलें नाहीं. बाडांत एका पानावर ज्वराचा काढा, दुसऱ्यावर मूळव्याधीची धुरी, तिसऱ्यावर तोंडावरील पुटकुळ्यांचा लेप असा मजकूर लागला म्हणजे वाचक पान उलटून पुढें जातो. परंतु अशा क्षुद्र वाटणाऱ्या नोंदींची कालानुक्रमें परंपरा लावतां आली, तर समाजाचें वैद्यक, व्यापार, दरबार आणि ग्रंथजतन या चारहि गोष्टींवर तीपासून उजेड पडतो. चीन देशांत अशी परंपरा दोन हजार वर्षांहून अधिक काळाची लावतां येते. प्रस्तुत लेखांत तींतील एकच धागा हातीं घेतला आहे: तरुणपणीं चेहऱ्यावर उठणाऱ्या मुरुमांवर चिनी वैद्यांनीं कोणते लेप सांगितले, ते कशांत कालविले, आणि त्या लेपांचे पाठ आपणांपर्यंत कोणत्या वाटेनें आले. या तीन प्रश्नांपैकीं तिसरा प्रश्न संग्राहकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, असें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

(२) रोगाचें नांव व प्राचीन उल्लेख

'हुआंग-ती नै-चिंग' या चिनी वैद्यकाच्या मूलग्रंथाच्या 'सू-वन' नांवाच्या भागांत, तिसऱ्या अध्यायांत, या विकाराचा उल्लेख येतो. तेथें 'त्स्वो' व 'चा' अशीं दोन नांवें आहेत. घाम आला असतां अंगास ओल किंवा वारा लागला, म्हणजे रंध्रांतील द्रव कोंडतो व त्याची गांठ बनते, अशी उपपत्ति तेथें दिली आहे. रंध्र बंद होणें व आंतील द्रव कोंडणें ही कल्पना येथपासून चालू होते, आणि पुढच्या सर्व ग्रंथकारांनीं ती या ना त्या रूपानें स्वीकारली आहे.

बाह्य लेपांचा हस्तलिखित पुरावाहि तितकाच जुना आहे. हूनान प्रांतांत छांग-शा शहराजवळ मा-वांग-त्वी येथें १९७३ सालीं इ. स. पूर्वीं १६८ मध्यें बंद केलेलें एक थडगें उघडण्यांत आलें. त्यांत रेशमी वस्त्रावर लिहिलेले ग्रंथ सांपडले. त्यांपैकीं एकांत बावन्न रोगांवरील उपाय दिले आहेत. त्वचेवर लावण्याचीं औषधें डुकराच्या चरबींत कालवावीं असें त्यांत अनेकदां सांगितलें आहे. चरबी हें लेपाचें आधारद्रव्य पुढें हजार वर्षांहून अधिक काळ टिकलें, हें ध्यानांत ठेवावें.

'फन-त्स' हें मुरुमांचें रूढ चिनी नांव मागाहूनचें आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'चूर्णाचा कांटा' असा होतो. आपल्याकडे सुश्रुतानें क्षुद्ररोगांत याच विकाराची गणना केली असून तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या या पिटिकांना सांवरीच्या कांट्याची उपमा दिली आहे. कारण म्हणून त्यानें कफ, वात व रक्त यांचें नांव घेतलें आहे. उपायांत वमनास अग्रस्थान देऊन वेखंड, लोध्र, सैंधव व शिरस यांचा लेप सांगितला आहे. दोन्ही देशांच्या वैद्यांना कांट्याचीच उपमा सुचली, एवढ्यावरून एकानें दुसऱ्याचें घेतलें असें अनुमान काढणें युक्त नाहीं. बोटाला जें लागतें तेंच दोघांनीं लिहून ठेविलें, इतकेंच त्यावरून ठरतें.

(३) गे हुंगचा लेप

तरुण वय व मुरुम यांचा संबंध स्पष्ट शब्दांत सांगणारा जुना चिनी पाठ गे हुंग (इ. स. २८३-३४३) याच्या 'चौ-हौ पै-ची फांग' या ग्रंथांत आहे. ग्रंथनामाचा भावार्थ असा कीं, हें पुस्तक बाहीत बाळगावें व अडचणीच्या वेळीं काढावें. खेड्यापाड्यांतील, वैद्य न मिळणाऱ्या माणसांसाठीं तें लिहिलेलें आहे. त्यांत म्हटलें आहे कीं, तरुणांत प्राणशक्ति भरपूर असल्यामुळें तोंडावर पुटकुळ्या उठतात. त्यांवर सफेदा व पारा हीं वर्षाच्या बाराव्या महिन्यांत काढून ठेविलेल्या डुकराच्या चरबींत पारा दिसेनासा होईपर्यंत खलावीं. लेप सायंकाळीं लावावा, सकाळीं फडक्यानें पुसावा, पाण्यानें धुऊं नये. तीन वेळां असें केल्यानें गुण येतो.

या पाठाचें परीक्षण दोन अंगांनीं केलें पाहिजे. पहिलें अंग ग्रंथाचें. आज छापील मिळणारा ग्रंथ गे हुंगच्या हातचा जसाच्या तसा नव्हे. इ. स. ५०० च्या सुमारास ताव हुंग-चिंग यानें त्यांत भर घातली आणि इ. स. ११४४ मध्यें यांग युंग-ताव यानें आणखी पाठ जोडले. म्हणजे एका मुखपृष्ठाखालीं तीन थर आहेत. प्रस्तुत लेपाच्या आरंभीं 'गे याचें मत' अशा अर्थाचे शब्द आहेत, त्यामुळें तो जुन्या थरांत घालण्यास आधार मिळतो.

दुसरें अंग द्रव्यांचें. सफेदा म्हणजे शिशाचें भस्मवत् पांढरें चूर्ण. तें व पारा हीं दोन्ही विषें होत. पाऱ्यानें जंतु मरतात व त्वचेचा वरचा थर सुटतो, त्यामुळें मुरुम कांहीं काळ बसले असतील हें संभवनीय आहे; परंतु चरबींत खललेला पारा त्वचेवाटे अंगांत भिनतो व मूत्रपिंड आणि मज्जातंतु यांस इजा करितो. हा धोका केवळ इतिहासजमा झालेला नाहीं. पाऱ्याविषयींचा मिनामाता करार २०१३ सालीं होऊन २०१७ सालीं अंमलांत आला, त्यांत दशलक्षांत एका भागाहून अधिक पारा असलेलीं सौंदर्यप्रसाधनें २०२० नंतर बनविण्यास व त्यांची आयात-निर्यात करण्यास मनाई करावी लागली. जुना पाठ अस्सल ठरला म्हणून त्यांतील औषध निर्दोष ठरत नाहीं, याचें याहून ठळक उदाहरण मिळणें कठीण.

(४) थांग काळ : निदान, दरबार व गुप्तता

इ. स. ६१० (शके ५३२) मध्यें स्वी राजवटींत छाव युआन-फांग याच्या देखरेखीखालीं 'चू-पिंग युआन-हौ लुन' हा रोगनिदानाचा ग्रंथ तयार झाला. यांत चेहऱ्याच्या विकारांचीं निरनिराळीं प्रकरणें आहेत. तांदुळाच्या किंवा धान्याच्या कणाएवढ्या डोक्याच्या पुटकुळ्या वारा व उष्णता यांपासून होतात, असें एके ठिकाणीं म्हटलें आहे. दुसऱ्या ठिकाणीं त्वचेंतील कणांचें वर्णन करून असें एक मत नोंदलें आहे कीं, तोंडाला सफेदा लावल्यानें त्याचा अंश दुर्बल त्वचेच्या रंध्रांत शिरतो व हे कण बनतात. हें निरीक्षण महत्त्वाचें आहे. गे हुंगनें जें द्रव्य औषध म्हणून सांगितलें, त्यालाच तीन शतकांच्या आंत दुसऱ्या ग्रंथानें रोगाचें कारण म्हणून उभें केलें. प्रसाधनांनीं रंध्रें बुजून मुरुम येतात हें आजचे त्वचारोगवैद्यहि मानतात.

यानंतरचें मोठें नांव सुन स्-म्याव (मृत्यु इ. स. ६८२) याचें. त्याचा 'छ्येन-चिन याव-फांग' हा ग्रंथ इ. स. ६५२ च्या सुमारचा, व 'छ्येन-चिन ई-फांग' ही त्याची पुरवणी आयुष्याच्या अखेरची. दोहोंत चेहऱ्याच्या लेपांचीं व उटण्यांचीं स्वतंत्र प्रकरणें आहेत. यांत मेंढ्याची व डुकराची चरबी, मज्जा, मेण, अंड्याचा पांढरा बलक, मध, मद्य इतकीं आधारद्रव्यें आढळतात. सुगंधी द्रव्यांत लवंग, चंदन व जटामांसी यांचीं नांवें आहेत. चंदन व लवंग दक्षिण समुद्राच्या व्यापारानें जात. म्हणजे छांग-आनच्या सरदाराच्या तोंडावरील लेपांत हिंदी महासागराच्या किनाऱ्यांचा माल असे.

हे लेप केवळ घरगुती नव्हते. थांग दरबाराची चाल अशी होती कीं, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत येणाऱ्या 'ला' या सणाच्या दिवशीं बादशहानें अधिकाऱ्यांना तोंडाचा व ओठांचा लेप बक्षीस द्यावा. कवि तू फू याच्या एका कवितेंत या देणगीचा उल्लेख आहे, आणि ल्यू यू-शी यानें तीबद्दल लिहिलेलीं आभाराचीं निवेदनें उपलब्ध आहेत. आपल्याकडे वस्त्रें व विडा यांना जें दरबारी मोल, तसेंच कांहींसें तेथें या डब्यांना होतें.

ज्या वस्तूला दरबारीं मोल येतें, तिची कृति लपविली जाते. पुरवणीग्रंथाच्या पांचव्या खंडांत, मुखलेपांच्या प्रकरणाच्या आरंभीं, सुन स्-म्याव यानें याविषयीं स्पष्ट तक्रार केली आहे. तिचा आशय असा: तोंडाचे व हातांचे लेप आणि उटणीं सर्व प्रतिष्ठितांना हवीं असतात, परंतु हल्लींचे वैद्य त्यांच्या कृति इतक्या जपतात कीं शिष्यांकडून एकहि बाहेर फुटूं देत नाहींत, आणि बाप मुलालाहि सांगत नाहीं; पूर्वाचार्यांचा हेतु तर घरोघर हें ज्ञान पोंचावें असा होता. अशी तक्रार करून तो थांबला नाहीं; त्यानें त्या कृति पुढच्याच पानांवर लिहून टाकिल्या. आज त्या आपणांस वाचावयास मिळतात त्या या एका कृत्यामुळें.

(५) पाठ कसे वांचले

थांग काळांतील अनेक ग्रंथ नष्ट झाले. स्वी राजवटीच्या ग्रंथसूचींत हिंदुस्थानाशीं संबद्ध अशा वैद्यकग्रंथांचीं नांवें आहेत; नागार्जुन बोधिसत्त्वाच्या नांवावर औषधांचा एक व सुगंध मिसळण्याचा एक असे ग्रंथ त्यांत नोंदले आहेत. त्यांतील सुगंधाचा ग्रंथ राहिला असता, तर वर सांगितलेल्या मुखलेपांत हिंदी पद्धतीचा अंश किती हा प्रश्न सुटण्यास मोठें साधन हातीं आलें असतें. सूची राहिली, ग्रंथ गेले. उलट दिशेचें उदाहरण कूचा येथील आहे: १८९० सालीं तेथें हाती आलेली, बॉवर हस्तलिखित या नांवानें प्रसिद्ध असलेली भूर्जपत्रावरील संस्कृत वैद्यकाची पोथी हर्न्ले यानें संपादून छापिली, म्हणून चीनच्या वाटेवर आपलें वैद्यक कुठवर पोंचलें होतें तें आज दाखवितां येतें.

चिनी पाठ वांचविण्याचें सर्वांत मोठें काम वांग ताव यानें केलें. हा धंदेवाईक वैद्य नव्हे, सरकारी अधिकारी होता. वीस वर्षांहून अधिक काळ त्याचा राजकीय ग्रंथालयाशीं संबंध आला. इ. स. ७५२ (शके ६७४) मध्यें त्यानें 'वाय-थाय मी-याव' हा चाळीस खंडांचा संग्रह पुरा केला. बत्तिसावा खंड सर्वस्वीं मुखलेप, केशतैलें व उटणीं यांना दिला असून त्यांत चौतीस प्रकरणें आहेत. या संग्रहाचें वैशिष्ट्य असें कीं, प्रत्येक कृतीजवळ ती कोणत्या ग्रंथांतून व त्याच्या कोणत्या खंडांतून घेतली हें वांग ताव नोंदवितो. मूळ ग्रंथ गेले तरी त्यांचे तुकडे नांवगांवासह राहिले. आधार नोंदण्याची ही शिस्त आठव्या शतकांतील एका अधिकाऱ्यानें मुरुमांच्या लेपापुरतीहि सोडली नाहीं, ही गोष्ट आपल्या संपादकांनीं मनांत बाळगण्याजोगी आहे.

पुढें सुंग राजवटींत इ. स. १०५७ मध्यें वैद्यकग्रंथ शुद्ध करण्यासाठीं सरकारी कचेरी स्थापन झाली व तिनें जुने ग्रंथ तपासून छापविले. त्यामुळें ग्रंथ टिकले, पण संपादकांचा हातहि त्यांवर फिरला. म्हणून छापण्यापूर्वींच्या हस्तलिखितांची किंमत मोठी. तुन-हुआंगची गुहा १९०० सालीं उघडली. १९०७ सालीं स्टाइन व १९०८ सालीं पेल्यो यांनीं तींतील पोथ्या नेल्या. त्यांत वैद्यकाचेहि तुकडे निघाले व ते आज लंडन व पॅरिस येथें आहेत.

दुसरें साधन जपानांत राहिलें. तांबा यासुयोरी यानें इ. स. ९८४ मध्यें 'इशिम्पो' हा तीस गुंडाळ्यांचा संग्रह केला. तो बहुतेक सर्व चिनी ग्रंथांच्या उताऱ्यांनीं बनलेला असून, चीनमध्यें लुप्त झालेले कित्येक पाठ त्यांतच आहेत. चौथी गुंडाळी केश व मुख यांच्या विकारांची आहे. त्याची जुनी प्रत सोळाव्या शतकांत बादशहाकडून नाकाराइ या वैद्यघराण्याला मिळाली. या घराण्यानें ती पिढ्यान् पिढ्या कोणास दाखविली नाहीं. अखेर १८५४ सालीं तोकुगावा सरकारच्या हुकुमानें ती बाहेर काढावी लागली, आणि १८६० सालीं ती छापून प्रसिद्ध झाली. सुन स्-म्याव याची तक्रार ज्या ग्रंथपरंपरेंत लिहिली गेली, तिचाच एक मोठा ठेवा अशा रीतीनें अकराशें वर्षांनंतर पुन्हां एका घरांत कोंडलेला सांपडावा, यांत मनुष्यस्वभावाचा धडा आहे. घराण्यानें प्रत जपली हें तिचें श्रेय. तिचा उपयोग तीनशें वर्षें कोणास झाला नाहीं हा तिचा दोष. दोन्ही गोष्टी एकाच पेटींत होत्या.

(६) मिंग व छिंग काळ : गंधक व रेवाचिनी

इ. स. १६१७ मध्यें छन शि-कुंग यानें 'वाय-ख चंग-चुंग' हा शल्य व बाह्यरोगांचा ग्रंथ छापिला. त्यानें मुरुम व नाक लाल होण्याचा विकार एकाच कुळांतले मानून त्यांचें कारण रक्तांतील उष्णता सांचणें हें ठरविलें. पोटांत लोकाटच्या पानांच्या गोळ्या व बाहेरून गंधक आणि पिठें यांचें चूर्ण, अशी त्याची योजना आहे. येथें चरबी मागें पडून गंधक पुढें आला.

या योजनेचें सुटसुटीत रूप 'ई-चुंग चिन-च्येन' या ग्रंथांत मिळतें. छ्येन-लुंग बादशहानें इ. स. १७३९ मध्यें आज्ञा केली, आणि वू च्येन व इतर वैद्यांनीं इ. स. १७४२ (शके १६६४) मध्यें नव्वद खंडांचा हा ग्रंथ सिद्ध केला. विद्यार्थ्यांना पाठ करतां यावें म्हणून मुख्य सूत्रें पद्यांत व त्याखालीं गद्य टीका, अशी त्याची रचना आहे. आपल्या वैद्यकविद्यार्थ्यांस ती परकी वाटणार नाहीं. मुरुमांविषयीं तो सांगतो कीं, ते लाल, सुजलेले व दुखरे असून फुटल्यावर त्यांतून पांढऱ्या चूर्णासारखा द्रव येतो. 'चूर्णाचा कांटा' या नांवाची ही दुसरी उपपत्ति होय: एका ग्रंथांत चूर्ण बाहेरून आंत जातें, दुसऱ्यांत तें आंतून बाहेर येतें.

पोटांत घेण्यास लोकाटचीं पानें, तुतीच्या मुळाची साल, ज्येष्ठमध, जिनसेंग व दोन कडू साली-मुळ्या यांचा काढा. आणि लावण्यास 'त्येन-ताव सान' म्हणजे 'उलटापालट चूर्ण'. याचीं द्रव्यें दोनच: रेवाचिनी व गंधक, समभाग. दोन्ही बारीक करून एकत्र घोटावीं व गार पाण्यांत कालवून लावावीं. पारा नाहीं, शिसें नाहीं, चरबी नाहीं. गे हुंगपासून येथवर चौदा शतकांत लेपांत झालेला हा पालट फार मोठा आहे.

रेवाचिनीच्या नांवांतच चीन आहे. चोपचिनीचेंहि तसेंच. ही दुसरी मुळी सोळाव्या शतकांत पोर्तुगीज व्यापाराबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली; गोव्यास १५६३ सालीं छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या संवादग्रंथांत तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि भावप्रकाशांत फिरंग रोगावर तिची योजना आहे. तेव्हां चिनी त्वचाऔषधांशीं कोंकणकिनाऱ्याचा संबंध कल्पनेचा नसून छापील पुराव्याचा आहे.

(७) लेपापासून जेलपर्यंत

आजच्या चिनी औषधशाळांत याच वनस्पतींचे अर्क पाण्याच्या पारदर्शक, चिकट लेपांत, म्हणजे जेलमध्यें, मिसळून मुरुमांवर लावितात. चरबीनें रंध्रें बुजतात; कोरडें चूर्ण पाण्यांत कालविलें तर सुकून गळून पडतें. जेल यांच्या मधला मार्ग आहे: तें पातळ बसतें, औषध त्वचेशीं टिकवून ठेवितें आणि पाण्यानें धुतां येतें. त्याचें आधारद्रव्य बहुधा कृत्रिम असतें, परंतु कल्पना सर्वस्वीं नवी नाहीं. 'पाय-ची' नांवाच्या आमराच्या जातीच्या कंदाचा डिंकासारखा चीक जुन्या मुखलेपांत येतो, आणि आधुनिक प्रयोगांत त्याचाच जेलसाठीं उपयोग करून पाहिला गेला आहे.

रोगाची आजची उपपत्ति अशी: वयांत येतांना संप्रेरकांमुळें त्वचेंतील तैलग्रंथि अधिक स्राव करितात, रंध्राचें तोंड बुजतें, आंत जंतु वाढतात व दाह होतो. या जंतूला २०१६ पासून क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस असें म्हणतात. जुन्या वैद्यांचें 'रंध्रांत द्रव कोंडणें' व 'तरुणांत शक्ति भरपूर असणें' हीं निरीक्षणें याशीं जुळतात. वारा व रक्तांतील उष्णता हीं जुळत नाहींत. गंधक पाश्चात्य वैद्यकांतहि मुरुमांवर वापरला जातो. रेवाचिनींतील इमोडिन, 'तान-शन' या मुळींतील टॅनशिनोन, 'ह्वांग-छिन'मधील बैकालिन व 'ह्वांग-ल्येन'मधील बर्बेरिन हीं द्रव्यें प्रयोगशाळेंत जंतु व दाह यांवर परिणाम दाखवितात.

परंतु नळींतील परिणाम म्हणजे चेहऱ्यावरील गुण नव्हे. मुरुमांवरील पर्यायी उपचारांचा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ३५ प्रयोग तपासले होते, व वनौषधींविषयींचा पुरावा दुबळा ठरला. याच वर्षीं थू यू-यू या विदुषीला मलेरियावरील आर्टेमिसिनिनबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. तिला दिशा दाखविणारा पाठ गे हुंगच्याच ग्रंथांतला: वनस्पति पाण्यांत भिजवून, पिळून रस घ्यावा, असा. उकळूं नये हें त्यावरून सुचलें. एकाच पुस्तकाच्या एका पानावर पाऱ्याचें विष व दुसऱ्यावर लक्षावधि प्राण वांचविणारें सूत्र आहे. कोणतें कोणतें हें पुस्तकाच्या वयावरून कळत नाहीं. तें कसोटीवर घांसूनच कळतें.

(८) उपसंहार

वरील पुराव्यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मुरुमांवरील चिनी लेपांची परंपरा एकजिनसी नाहीं. सफेदा व पारा, मग सुगंधी चरबी, मग गंधक व रेवाचिनी, मग अर्कांचें जेल असे तिचे टप्पे आहेत. तेव्हां 'प्राचीन चिनी उपाय' असें मोघम म्हणणें निरर्थक आहे, कोणत्या शतकाचा हें सांगितलें पाहिजे. दुसरी, औषधाइतकाच त्याचा आधार महत्त्वाचा, आणि खरा पालट तेथेंच घडला. तिसरी, हे सर्व टप्पे आज दाखवितां येतात ते सुन स्-म्याव यानें लिहिलें, वांग ताव यानें आधार नोंदले आणि नाकाराइंची पेटी उघडली म्हणून.

आपल्याकडील वैद्यांच्या घरीं बाडें आहेत. त्यांत लेप, काढे, मात्रा व अनुपानें यांची गर्दी आहे. त्यांतील औषध वापरावें असें येथें सुचवावयाचें नाहीं, कारण त्यांतहि पारा आहे. परंतु बाड कोणाचें, अक्षर कोणत्या काळचें, कृति कोणाकडून घेतली, मागाहून काय जोडलें, एवढें टिपून त्याची नक्कल एका ठिकाणीं ठेवणें कोणाहि संग्राहकास शक्य आहे. वैद्य त्याची कसोटी घेतील तेव्हां घेतील. कसोटीला लावण्यापुरतें तरी तें पान शिल्लक राहिलें पाहिजे.